मासा वाढतोय म्हणजे तो ठणठणीत आहे का? सामन, सोयापेंड आणि क्रोगडाल यांचं संशोधन

अनघा
सामन हा मूळचा मांसाहारी मासा. १९९० मध्ये नॉर्वेत त्याच्या खाद्यात सुमारे ९० टक्के माल समुद्रातला असायचा, म्हणजे मासळीची भुकटी आणि मासळीचं तेल. २०१३ पर्यंत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आलं. उरलेली जागा सोया, गहू आणि वनस्पती तेलांनी घेतली. समुद्रावरचा भार हलका झाला, चांगलंच झालं. पण माशाच्या पोटाला ते मानवतं का, हे ज्यांनी आतडं कापून पाहिलं त्यांत नॉर्वेच्या संशोधक ओशिल्ड क्रोगडाल यांचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

१९९६ साली ग्रेटे बेव्हरफ्योर्ड आणि क्रोगडाल यांनी सोयापेंड खाणाऱ्या सामनच्या आतड्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. निरोगी माशाच्या मागच्या आतड्यात उंच, नाजूक घड्या असतात. पेंडीवर त्या आखूड आणि जाड होतात आणि सूज चढते. पेंड थांबवली की काही आठवड्यांत आतडं सावरतं. कारण सोयातली सॅपोनिनं, हे त्यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं. रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यांमुळे.

नुसता वजनकाटा पाहून खाद्य पास करू नये. आतडं तपासल्याशिवाय कुठलंही नवं खाद्य बाजारात येता कामा नये, आपल्याकडेसुद्धा.

शिवाजी, इंदापूर
ताई, सामनचं सामनपुरतं ठेवा. माझ्या शेततळ्यात रोहू-कटला आहे. रोहूचं आतडं सोडवायला घेतलं तर माशाच्या कितीतरी पट लांब निघतं, गुंडाळीच्या गुंडाळ्या. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा टाकूनच आमची तळी चालली. निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो. तपासणी सक्तीची केलीत की तो खर्च आमच्याच पोत्यावर चढणार. आणि लातूरकडे माझे पाहुणे सोयाबीनला भाव नाही म्हणून आधीच रडकुंडीला आलेत. त्यात ‘सोया वाईट’ असं पसरलं तर त्यांनी कुठे जायचं?

अनघा
दादा, सोया वाईट असं मी म्हणतच नाही. तुमच्या रोहूच्याच कुळातल्या सायप्रिनसवरही (कॉमन कार्प) प्रयोग झालाय. त्यालाही पेंडीने सूज आली, पण चौथ्या आठवड्यापासून ती उतरू लागली. तुमच्या बाजूचा हा पुरावा आतडं पाहिलं म्हणूनच मिळाला ना? अल्कोहोलने धुतलेल्या सोयाप्रथिनात सॅपोनिनं जवळजवळ राहत नाहीत. सामनला आता मुख्यतः तेच घालतात. दोष नेमका कशात आहे ते कळलं, म्हणून सोयाचं गिऱ्हाईक टिकलं.

केदार, बर्गन
मी इथे नॉर्वेत सामन पाळतात त्या समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांवर काम केलंय. पोट फाडलं की जठरापाशी बारीक नळ्यांचा झुबका दिसतो. एरवी तो गुलाबीसर असतो, पण काही खेपांना पांढराफटक निघायचा, साय माखल्यासारखा. चरबी पेशींतच अडकून पडलेली. पाण्यावर तेलकट विष्ठा तरंगायची. हेही कोडं क्रोगडाल यांच्या गटाने सोडवलं. मासळीची भुकटी कमी केली तसं खाद्यातलं कोलीन, म्हणजे चरबी पेशींतून पुढे न्यायला लागणारं पोषकद्रव्य, घटलं होतं. ते वरून घातलं की चरबी साचणं थांबतं.

एवढं पाहूनही अनघा, तुझ्याशी मी पूर्ण सहमत नाही. इथे पिंजऱ्यात मासा दगावतो त्यात अंगाला चिकटणाऱ्या समुद्री उवा आणि त्या काढताना होणाऱ्या जखमांचा वाटा फार मोठा आहे. पैसा आणि माणसं आधी तिथे लागायला हवीत.

सुरेखा, मालवण
पेंड नको म्हटलं की पुढे काय, ते कुणी बोलत नाही. पुढे तारली. बंदरावर तारलीचे ढीग टेम्पोत चढतात आणि थेट भुकटीच्या कारखान्याला जातात. माझ्या आईने महिनाअखेरीला तारल्यांच्या तिखल्यावर घर चालवलंय. चार माणसांचं जेवण एका पाळीव माशाच्या तोंडात कशाला? मांसाहारी मासा पाळूच नये, या मताची मी आहे. मग त्याच्या आतड्याची चिंताही नको.

अनघा
सुरेखाताई, तारली वाचवायची म्हणूनच मासा पेंडीकडे वळवलाय. जे आधीच पाळले जातायत, त्यांना सुजलेल्या आतड्यानिशी कसं सोडायचं? केदार, उवा काढण्याचा ताण सोसायलाही मासा आतून धड लागतो.

शिवाजी, इंदापूर
सक्तीला माझा विरोध कायम. पण एका तळ्यात पंगस आहे, त्याला विकतचं सोयाचं खाद्य चालू आहे. रविवारी जाळं टाकणार आहे. आतडं बघायचं तर काय करावं लागेल?

केदार, बर्गन
दादा, ही सूज नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात आधी विचारा, फॉर्मालिनची (नमुना टिकवायच्या द्रावणाची) बाटली त्यांच्याकडूनच मागा. तळ्याकाठीच मासा मारून लगेच आतड्याचा तुकडा तिच्यात टाका. घरी नेऊन कापलात तर उपयोग नाही, मेल्यावर आतडं सगळ्यात आधी विरघळायला लागतं.