रेडिओवरच्या 'वार्ते'ला मराठीत काय म्हणायचं?

ओवी२२ : इंदूरच्या आजोबांची १९५४ची हिंदी डायरी मराठीत आणतेय. एका शनिवारी लिहिलंय, 'पहले वार्ता सुनी, फिर संगीत का अखिल भारतीय कार्यक्रम। बिजली दो बार गयी।' मी बिनधास्त 'आधी बातम्या ऐकल्या' लिहून मोकळी झाले. काका म्हणाले, बातम्यांना ते 'समाचार' लिहितात. वार्ता म्हणजे कुणा जाणकाराने एखाद्या विषयावर बोलणं. मराठी शब्द सुचवा.

खर्जातला सा : भाषण. आमच्याकडे 'रेडिओवर भाषण आहे' असंच म्हणत.

कोपरखळी : भाषण म्हटलं की मला हारतुरे आणि 'दोन शब्द बोलून खाली बसतो' म्हणत पाऊण तास न बसणारे पाहुणे दिसतात.

शुद्धमती : व्याख्यान! रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून रुळलेला शब्द आहे.

जुनी वही : व्याख्यानाला समोर माणसं लागतात हो. माझी आई एकदा रेडिओवर वाळवणांबद्दल बोलायला गेली होती. बंद खोली, समोर मायक्रोफोन. कागदाची सळसळ ऐकू जाऊ नये म्हणून टाचणी काढून एकेक पान अलगद बाजूला ठेवायचं. दहा दिवस आम्हाला पानं सरकवून दाखवत होती. ती म्हणायची 'माझा टॉक'. पुल्लिंगी.

शुद्धमती : म्हणून आपण 'टॉक ऐकला' लिहायचं? धन्य.

गंधवार्ता : 'वार्ता'च ठेवा. 'सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता विघ्नाची' म्हणताना कोण बातम्या ऐकतं? माझं टोपणनावही बघा. कौटिल्याकडे तर वार्ता म्हणजे शेती, गुरं आणि व्यापार. त्या हिशेबाने रेडिओवरची खरी वार्ता म्हणजे शेतकऱ्यांचा कार्यक्रम! हिंदीतली 'बात'सुद्धा वार्तेचीच नात.

कोपरखळी : आणि वार्ताहर काय, गुरं हाकतो?

शुद्धमती : मराठी वाचक 'वार्ता'चा अर्थ बातमीच घेणार. शब्द घडवायला काय हरकत आहे? केसकर नभोवाणी मंत्री असताना 'आकाशवाणी' शब्द काढलाच ना?

खर्जातला सा : काढला नाही, उचलला. १९३५ साली म्हैसूरला गोपालस्वामींनी आपल्या खासगी रेडिओ केंद्राला ते नाव दिलं होतं. दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओने घेतलं १९५७ला.

कोपरखळी : त्याआधी कंसाला ऐकू आली होती. तीही एकतर्फीच.

जुनी वही : आमचे आजोबा 'नभोवाणी' म्हणत, आजी 'पेटी'. पंचाईत अशी की आजोबा स्वतः नाटकात पेटी वाजवायचे आणि १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी. आजी म्हणायची, 'या पेटीत तुमची पेटी चालत नाही.' शनिवारी रात्री दिल्लीहून ख्याल लागला की आजोबा गाण्याआधी सारंगी ऐकायचे, मग कुरकुरायचे. १९७१ला बंदी सैल झाली तेव्हा ते नव्हते.

खर्जातला सा : बंदी योग्यच होती. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही; श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, निघत नाहीत.

जुनी वही : नाट्यसंगीत पेटीवरच वाढलं. मग काय ते बेसूर?

खर्जातला सा : असं मी म्हटलेलं नाही. पण दरबारी रागातला झुलता गंधार पेटीवर काढून दाखवा.

ओवी२२ : पेटी राहू द्या हो! 'आधी ____ ऐकली/ऐकलं/ऐकला', एवढंच सांगा.

गंधवार्ता : वीज दोनदा गेली होती ना? मग 'अर्धवट' घालायला विसरू नका.

जुनी वही : दरबारीचं बाजूला ठेवा, भैरवीचं बोला.