सीझनच्या मध्यात खोक्यांचा रेट वाढवून मागतायत, काय करावं?

पिंपळगावची_पॅकिंगवाली:
पिंपळगाव बसवंतजवळ आमचं द्राक्षांचं छोटं पॅकहाऊस आहे, खरेदी मी बघते. पाच किलोचं पाच प्लाय (पाच थरांच्या पुठ्ठ्याचं) खोकं ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास ३८ रुपयांना ठरलं. पीओ (खरेदीची ऑर्डर) एका पानाचा: माप, नग, रेट आणि "सीझनभर". आता जानेवारीत तोडणी सुरू झाली आणि सप्लायर म्हणतो, क्राफ्ट पेपर वाढला, सोमवारपासून ४४ द्या, नाहीतर टेम्पो सुटणार नाही. दुसऱ्याकडे जावं तर डाय (खोकं कापायचा साचा) आणि छपाईचे ब्लॉक त्याच्याकडेच आहेत. पप्पा म्हणतात, दे आणि मोकळी हो. मला पटत नाही, पण खोकी थांबली तर तोडलेला माल ठेवायचा कुठे? पुढच्या वर्षीचा करारही नीट करायचाय. जाणकारांनी सांगावं.

अंबडचा_जुना_खरेदीवाला:
ताई, सहा रुपये मान्यही करू नका आणि उडवूनही लावू नका. ते फोडून मागा.

मी अंबड एमआयडीसीत पॅनेलच्या कारखान्यात खरेदी सांभाळली. तांब्याच्या पट्टीला तिथे कुणी वर्षभराचा एकच रेट मागायचं नाही. लंडन मेटल एक्स्चेंजचा भाव अधिक घडणावळ, असा हिशेब. भाव रोज हलतो, घडणावळ वर्षभर तीच. खोक्यालाही हेच लावा. खोकं म्हणजे कागद, घडणावळ आणि भाडं.

आता तुमचं रिकामं खोकं काट्यावर ठेवा. समजा अर्धा किलो भरलं. कागद किलोमागे ४ रुपये वाढला असेल तर खोक्यामागे २ रुपये, कात्रण वाया जातं ते धरून सव्वादोन. मग उरलेले पावणेचार कशाचे? वीज, डिंक, मजुरी, काय वाढलं ते त्याने सांगावं. कागद मिलचं ऑक्टोबरचं बिल आणि आताचं बिल शेजारी ठेवायला सांगा. खरंच वाढ झालेला माणूस बिल दाखवायला कचरत नाही. बिलातून निघेल तेवढी वाढ द्या, तीही सोमवारनंतरच्या मालावर. ती नाकारण्यात अर्थ नाही. तोट्यात माल देणारा सप्लायर फेब्रुवारीत कागद हलका करतो, आणि ते फार महागात पडतं. कोल्ड स्टोअरेजमध्ये आर्द्रता नव्वदच्या वर असते, पुठ्ठा ओल ओढतो, खालची रांग बसते. कंटेनर आठवडेच्या आठवडे समुद्रावर असतो. घड चेपलेले आहेत हे तुम्हाला रॉटरडॅमहून आलेल्या फोटोंत कळतं.

म्हणून आजच एक करा. खोक्याचा बरोबर १० सेंमी बाय १० सेंमी चौकोन कापा आणि सराफाच्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम, गुणिले शंभर, तो एकूण जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. तीन लायनर, म्हणजे सपाट थर, १५० चे असतील तर ४५०. त्यांच्या मधले दोन थर, म्हणजे फ्लूट, तेही १५० चे, पण नागमोडी असल्याने साधारण १.४ पट कागद लागतो, म्हणजे ४२०. एकूण ८७०. चौकोन ८.७ ग्रॅम भरला पाहिजे, डिंकामुळे किंचित जास्तच.

पुढच्या करारात हे घाला: कोणत्या बीएफचा (बर्स्ट फॅक्टर, कागद फुटण्याआधी किती दाब सोसतो त्याचं माप), किती जीएसएमचा कागद आणि करार करताना त्याचा किलोचा भाव. भाव रुपयाभर हलला तर रेट तोच. त्यापुढे दर महिन्याच्या १ तारखेला फरक, वाढला तर वर आणि उतरला तर खाली. रेटवर वाद झाला तरी पुरवठा थांबणार नाही, जुन्या रेटने बिल निघेल, फरक मागाहून. डाय आणि ब्लॉकचे पैसे तुम्ही वेगळे द्या, मालकी तुमची लिहा, मागितल्यावर परत. दंड अवाच्या सवा लिहू नका. करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती त्यातली वाजवी भरपाईच.

आणि तीस टक्के माल कायम दुसऱ्याकडून घ्या. सध्या बिनछपाईचं खोकं घेऊन लेबल लावता येईल, फक्त आयातदाराला आधी विचारा.

सातपूरचा_बॉक्सवाला:
काकांचं गणित बरोबर आहे, पण आमची बाजूही ऐका. मिल पैसे आधी किंवा आठवड्यात मागते. पॅकहाऊसवाले परदेशातून पैसे आले की देऊ म्हणतात, म्हणजे जून उजाडतो. ते व्याज आम्ही रेटमध्येच धरतो, धरावंच लागतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, लेखी नसेल तर १५. उशिराला बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकरातही मुदतीनंतर दिलेला खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरला जातो. हे सांगून गिऱ्हाईक तोडावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही, म्हणून आम्ही गप्प बसतो.

ताई, तुम्ही पंधरा दिवसांत पैसे द्यायची तयारी दाखवा आणि मग रेट मागा. डिसेंबरात कागदासाठी अॅडव्हान्स दिलात तर तेवढ्या खोक्यांचा भाव मी तरी बांधून देईन. शिवाय आठवड्याचं शेड्यूल द्या. ढग दिसले की संध्याकाळी फोन आणि सकाळी दोन हजार खोकी, हे आम्हाला रात्रपाळीशिवाय जमत नाही.

पिंपळगावची_पॅकिंगवाली:
काका, दादा, आभारी आहे. चौकोन कापला. ७.९ ग्रॅम भरला. पीओमध्ये जीएसएम लिहिलेला नाही, पण त्याच्या कोटेशनवर १५० ची पाचही थरं लिहिलेली आहेत.

अंबडचा_जुना_खरेदीवाला:
कोटेशन जपून ठेवा. एका तुकड्यावर बोलू नका. वेगवेगळ्या बंडलांतून पाच खोकी काढा, जोड सोडून मधला भाग कापा, सरासरी घ्या. कागदात पाच टक्के वर-खाली सगळे धरतात, म्हणजे ८२६ पर्यंत ठीक. सरासरी त्याखाली आली तर वाढीचं बोलणं थांबवून आधी वजनाचं बोला. फोनवर नको. तुकडे, काटा आणि कोटेशन घेऊन त्याच्या कारखान्यात जा, सोमवारच्या आत.