पायथन (प्रोग्रामिंगची भाषा): लिस्टमधले शून्य काढताना एखादं मागे का राहतं?

प्रश्न: बाबांच्या दूध संकलनाच्या वहीतले लिटरचे आकडे लिस्टमध्ये भरलेत: १२, ०, ०, ८. शून्य म्हणजे त्या दिवशी दूध आलं नाही. फॉर लूप फिरवून (म्हणजे एकेक आकडा तपासत) शून्य दिसलं की रिमूव्ह करते, म्हणजे काढून टाकते. तरी १२, ०, ८ उरतं! कालची अख्खी संध्याकाळ यात गेली. कुठे चुकतंय?

उत्तर: ज्या लिस्टवर लूप फिरतोय तिच्यातूनच तू काढतेयस. इंडेक्स १ (जागेचा क्रमांक, मोजणी ० पासून) वरचं शून्य गेलं की दुसरं शून्य सरकून त्याच्या जागी येतं, पण लूप तोवर इंडेक्स २ वर गेलेला असतो, म्हणजे थेट ८ वर. काढण्यापेक्षा हवे तेवढेच नव्या लिस्टमध्ये घे: नवी = [न फॉर न इन नोंदी इफ न > ०]. कीवर्ड (फॉर, इन, इफ) आणि आकडे अर्थातच इंग्रजीत लिही.

उत्तर: शिवाय रिमूव्ह दर वेळी पहिल्यापासून शोधतं आणि पुढचे सगळे घटक एकेक घर मागे सरकवतं. वर्षभराच्या नोंदी झाल्या की हे विनाकारण काम वाढतं. मात्र शून्य पुसण्याआधी तारखा सोबत ठेव, नाहीतर ८ लिटर कोणत्या दिवसाचे ते कळणार नाही.

प्रश्नकर्ती: जमलं! १२, ८ आलं. तारखांचं डोक्यातच नव्हतं, आता तारीख-लिटर अशा जोड्याच करते.