मराठी इंडी फिल्मचं ऑनलाइन स्क्रीनिंग: तिकीट लावावं की सरळ यूट्यूब?

रीळ_भाकरी:
नमस्कार मंडळी. सोलापूरकडे मित्रामित्रांनी मिळून केलेली सव्वा तासाची मराठी फिल्म तयार आहे, डीआय (रंगाचं काम), साउंड सगळं झालंय, पैसेही सगळे संपलेत 😅 आपल्याकडच्याच एकदोन छोट्या फेस्टिव्हलला दाखवली, आवडली लोकांना, पण तिथे येणारे बहुतेक आपल्यासारखेच फिल्मवाले. थिएटरचं म्हणाल तर डीसीपी (थिएटरला लागणारी डिजिटल कॉपी), सेन्सॉर, पब्लिसिटी धरून हिशोब डोक्यावरून जातो आणि एवढं करून शो मिळणार दुपारी सव्वाबाराचा, तोही आठवडाभर टिकला तर. ओटीटीवाले मेलला उत्तर देत नाहीत. म्हणून तिकीट लावून ऑनलाइन शो करावा असं डोक्यात आहे, की यूट्यूबवर टाकून मोकळं व्हावं? लोक खरंच पैसे देतात का?

तिसरी_रांग:
यूट्यूबवर पब्लिक टाकायची घाई अजिबात नको. एकदा सगळ्यांना उघडी झाली की बऱ्याच फेस्टिव्हलचे दरवाजे बंद. तुझा वर्ल्ड प्रीमियर, म्हणजे जगातला पहिला शो, तर गेलाच, पण देशाबाहेर कुठे दाखवली नसशील तर इंटरनॅशनल प्रीमियर, म्हणजे देशाबाहेरचा पहिला शो, अजून शिल्लक आहे आणि त्याला किंमत असते. फिल्मफ्रीवेवर (फेस्टिव्हलना फिल्म पाठवायची साइट) प्रत्येक फेस्टिव्हलच्या पानावर रूल्स असतात, ते वाच, शंका असली तर सरळ मेल टाकून विचार, उत्तर देतात. पासवर्डवाली व्हिमिओ लिंक निवड समितीला पाठवणं वेगळं, त्याने काही बिघडत नाही.
आणि सेन्सॉर. नुसत्या ऑनलाइनसाठी ते सर्टिफिकेट लागत नाही हे खरं, पण नॅशनल अवॉर्डला पाठवायची असेल तर लागतंच. ते आधी ठरव.

पडदा_आणि_चहा:
आमच्या फिल्म सोसायटीने लॉकडाऊनपासून ऑनलाइन शो सुरू केले, तेव्हा सगळेच करत होते, २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायबेका फेस्टिव्हलने यूट्यूबसोबत जगभरचे फेस्टिव्हल एकत्र आणून 'वी आर वन' हा ऑनलाइन फेस्टिव्हल केला, त्यात मुंबईचं आपलं मामी फेस्टिव्हल पण होतं. तेव्हापासून बघतोय, लिंक महिनाभर उघडी ठेवली की कुणी बघत नाही, "बघू निवांत" म्हणतात आणि ते निवांत कधी येतच नाही. तोच शो शनिवारी रात्री आठला उघडतोय, रविवारी रात्री बंद आणि रविवारी सकाळी झूमवर दिग्दर्शकाशी गप्पा असं सांगितलं की माणसं येतात. गप्पांसाठीच येतात खरं तर, आणि त्या गप्पा संपता संपत नाहीत. आम्ही एकदा एका डॉक्युमेंटरीनंतर बसलो होतो, तर एक रिटायर्ड मास्तर फिल्ममधल्या गावचेच निघाले आणि मग तासभर तेच बोलत होते, दिग्दर्शक वहीत लिहून घेत होता. थिएटरच्या लॉबीत हे होत नाही.
तुझी फिल्म कशावर आहे ते लिहिलं नाहीस. शेतीवर असेल तर शेतकऱ्यांचे ग्रुप, शाळेवर असेल तर शिक्षकांचे. "सिनेमाप्रेमी" नावाच्या ढिगाकडे जाऊ नको, ते सगळे फुकटे आहेत (मी पण).

जर्सीकर:
आम्हाला विसरू नका हो! इकडे मराठी मंडळातली माणसं तिकीट काढतात, शो बघायला मिळत नाही हीच रड आहे. फक्त वेळ सांभाळा, तुमचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा, ते चालतं, पण कॅलिफोर्नियात साडेसात, तिथे शनिवारी कोण उठतंय. आणि पेमेंटला फक्त यूपीआय ठेवू नका, परदेशी कार्ड चालतंय का ते आधी बघा. आमच्याकडे एका शोला हौसेने पन्नासेक लोक तयार होते आणि कुणाचंच कार्ड लागेना. सबटायटल्स चांगले हवेत, आमच्या पोरांना त्याशिवाय कळत नाही, सासूबाईंना कळतं पण त्या फोनवर बघतात, त्यामुळे फॉन्ट मोठा.

तिसरी_रांग:
@जर्सीकर पण अमेरिकेत विकली की इंटरनॅशनल प्रीमियर बहुतेक ठिकाणी गेला समजा. म्हणून आधी जिओब्लॉक (बाकी देशांत लिंक बंद) लावून फक्त भारत, बाहेरच्या फेस्टिव्हलांचे निकाल लागले की मग तुमच्यासाठी. इव्हेंटिव्हसारख्या ऑनलाइन शोच्या साइटवर देश, तारखा, किती तिकिटं सगळं लावता येतं.

स्पष्टच_सांगतो:
पैसे फार येणार नाहीत हे धरूनच चाला. शंभर रुपयाचं तिकीट, एक जण काढणार आणि टीव्हीला लावून घरचे सहा जण बघणार. आणि स्क्रीन रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर. वॉटरमार्क (पडद्यावर बघणाऱ्याचं नाव) टाकलात तर कुणी टाकली ते कळेल, थांबणार नाही. लोकांपर्यंत पोचायचंच असेल तर आनंद पटवर्धनांनी २०१९ ला त्यांची डॉक्युमेंटरी 'विवेक' तुकड्यातुकड्यांनी यूट्यूबवर टाकली, तसं करा.

पडदा_आणि_चहा:
ती राजकीय डॉक्युमेंटरी होती आणि समोर निवडणूक होती, तिची निकड वेगळी. उलट बाजूने 'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम सिनेमा बघा, जानेवारी २०२१ मध्ये नीस्ट्रीम नावाच्या छोट्या मल्याळम प्लॅटफॉर्मवर पैसे भरून बघायला लागत होता, लोकांनी बघितला, एकमेकांना सांगितलं, गाजला आणि मग ॲमेझॉनवर आला. रोज होत नाही असं, मान्य. पण फुकट टाकल्यावर तर पुढची बोलणीच संपतात ना.

आवाज_चेक:
म्युझिकचं कुणीच बोललं नाही?? गाणी/पार्श्वसंगीत ज्यांचं घेतलंय त्यांच्याशी करार फक्त फेस्टिव्हलपुरता असेल तर तिकीट लावून ऑनलाइन दाखवता येत नाही. खूप जण फेस्टिव्हल राइट्स स्वस्त पडतात म्हणून तेवढेच घेतात. मित्राने फुकट करून दिलं असेल तरी कागद कर, मैत्री टिकते.

रीळ_भाकरी:
खूप मदत झाली, आभार सगळ्यांचे. फिल्म ऊसतोड कामगारांच्या पोरांच्या शाळेवर आहे, म्हणजे शिक्षकांचे ग्रुप. साखरशाळा चालवणाऱ्या दोन संस्था ओळखीच्या आहेत, त्यांच्याशी आज बोलतो. आधी फक्त भारत, शनिवार-रविवार. म्युझिकचा कागद नाहीये, तो उद्याच. @पडदा_आणि_चहा, झूमच्या गप्पांना कुणीतरी प्रश्न विचारणारं लागेल ना, तुम्ही बसाल का? मानधन नाही, आधीच सांगतो.

पडदा_आणि_चहा:
बसतो की. पण फिल्म आठवडाभर आधी पाठव, न बघता बोलणारे खूप आहेत.