मदत हवी आहे: आईचा आवाज बदलून गेला, घसा तर ठीक आहे म्हणतात

महाल_वाला:
कोणीतरी लवकर सांगा. आई हल्ली फार मोठ्यानं बोलते, आवाजात चढउतारच राहिला नाही. दुर्बीण टाकून पाहिलं, घसा एकदम साफ. काल माझी 4 वर्षांची पोरगी रडत आली, आजी रागावली म्हणे, आणि आई फक्त "दूध पिऊन घे" म्हणत होती. तिला ऐकू कमी येते ते आहेच, पण घशाची गोळी कोणती द्यायची?

इतवारी_भाऊ:
वय किती? कधीपासून? कानाचं मशीन लावतात का? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

तुळशीकाकू:
ज्येष्ठमध तोंडात धरायला सांगा. आमच्या ह्यांचा आवाज आठ दिवसांत मोकळा झाला होता.

ऑडिओलॉजी_शिकतेय:
काकू, त्यांचा घसा बसलेला नाहीये. आपण बोलताना स्वतःचं ऐकूनच आवाज कमीजास्त करत असतो. वरातीत डीजेजवळ आपोआप ओरडतो ना, तेच. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्येच हे लिहून ठेवलंय. स्वतःचं नीट ऐकूच आलं नाही तर लगाम सुटतो.

धंतोलीकर:
सगळेच ओरडत नाहीत. माझ्या बाबांच्या कानाच्या पडद्याला भोक होतं, ते इतकं हळू बोलायचे की फोनवर शब्द कळत नव्हता.

ऑडिओलॉजी_शिकतेय:
दादा, पडद्याचा दोष असला की बाहेरचं कमी येतं पण स्वतःचा आवाज हाडातून आत मोठा ऐकू येतो, म्हणून माणूस हळू बोलतो. कानाच्या नसेचा दोष असला तर बहुतेक वेळा उलटं.

धंतोलीकर:
मग मशीन घ्या, विषय संपला.

इतवारी_भाऊ:
कसा संपला? माझ्या काकांनी चौथ्या दिवशी काढून कपाटात ठेवलं, मडक्यात तोंड घालून बोलून राहिलो असं वाटते म्हणाले.

ऑडिओलॉजी_शिकतेय:
कान बंद झाला की स्वतःचा आवाज घुमतो. मशीनचा जो भाग कानात बसतो त्या साच्याला हवेचं भोक मोठं करून मिळतं, काही आठवडे सवय करावी लागते. काकांना परत घेऊन जा हो, तसंच पडू देऊ नका.

सक्करदरा_ताई:
यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा आधी. आणि मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाणार असाल तर गाडी नेऊ नका, पार्किंगलाच अर्धा तास जातो.

महाल_वाला:
कार्ड नको ताई, आवाजाचं सांगा. आई 61, शिक्षिका होती, 6-7 वर्षांपासून कमी ऐकते, मशीन नाही. "साखर" म्हणते ते "शाखर" ऐकू येते, आणि हीच बाई पोरांचे उच्चार सुधारायची. डावा कान परवा सकाळपासून एकदम बंद झाला, मळ असेल म्हणून कोमट तेल टाकलं.

ऑडिओलॉजी_शिकतेय:
दादा थांबा, परवापासून एकदम? तेल आता टाकू नका. मळ निघाला तर चांगलंच, पण नसेचं ऐकणं असं अचानक गेलं असेल तर स्टिरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकी परत येण्याची आशा जास्त, दिवस मोजायचे असतात. आजच ईएनटीला दाखवा, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याची तपासणी करा. चक्कर येते का? कानात शिट्टी वाजते का? साखर-शाखरचं नंतर, स्पीच थेरपीनं त्यात फरक पडतो.

तुळशीकाकू:
मी तर तेलच सांगणार होते. जा बाबा लवकर.

महाल_वाला:
शिट्टी वाजते म्हणे, मी विचारलंच नव्हतं. कागदावर लिहून दाखवलं तेव्हा सांगितलं. निघतो, ऑटो बोलावला.