सीडी४ पेशी ६४० असताना एचआयव्हीचे औषध लांबवावे का?

प्रश्न (हडपसर)
माझ्या थोरल्या भावाचा एचआयव्हीचा अहवाल गेल्या महिन्यात पॉझिटिव्ह आला. त्याच्या सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) ६४० आहेत आणि प्रकृती ठणठणीत आहे. त्यामुळे जन्मभराची गोळी आताच कशाला मागे लावून घ्यायची, असे तो म्हणतो. उपचार न घेतल्यास या पेशी किती वेगाने घटतात? किती आकड्यापर्यंत थांबलेले चालेल?

उत्तर १ (प्रयोगशाळेत काम करतो)
निरोगी प्रौढाच्या रक्तात प्रति घनमिलिमीटर साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात आणि उपचाराविना त्या सरासरीने वर्षाला ५० ते १०० कमी होतात. मात्र ६४० मधून २०० (ज्याखाली गंभीर आजार गाठतात तो आकडा) वजा करून 'अजून पाच वर्षे हातात आहेत' असा हिशेब कृपया मांडू नये, कारण कोणाची घसरण दोन-तीन वर्षांतच होते, तर कोणाची दहा वर्षांतही होत नाही. शिवाय हा आकडा त्याच माणसाचा सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा येतो. साध्या तापानेही तो हलतो.

उत्तर २
वरील आकडा केवळ रक्तातला आहे, हे विसरले जाते. शरीरातील लिम्फोसाइट पेशींपैकी (सीडी४ ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशींपैकी) जेमतेम दोन टक्के रक्तात फिरत असतात. आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशींचा मोठा साठा विषाणू पहिल्या काही आठवड्यांतच उद्ध्वस्त करतो. ते अस्तर दुबळे झाले की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि रोगप्रतिकारक यंत्रणा सतत चेतवलेली राहते. पुढे बहुतांश सीडी४ पेशी विषाणूची पैदास होऊन नव्हे, तर विषाणू आत शिरूनही संसर्ग अर्धवट राहिल्याने आणि या अखंड दाहामुळे मरतात. म्हणजे भावाला बरे वाटत असले, तरी आत झीज चालूच आहे.

उत्तर ३ (समुपदेशक)
थांबण्याचा सुरक्षित आकडा असा नाही. २०० च्या खाली न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासारखे (बुरशीमुळे होणारा फुप्फुसाचा संसर्ग) आजार गाठतात हे खरे, पण आपल्याकडचा क्षयरोग ६४० वरही होऊ शकतो. सीडी४ ५०० च्या वर असलेल्या ४६८५ जणांवरील स्टार्ट चाचणीत, औषध लांबवणाऱ्यांच्या तुलनेत लगेच औषध सुरू करणाऱ्यांमध्ये गंभीर आजार वा मृत्यूचे प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी आढळले. तो निष्कर्ष २०१५ मध्ये आला आणि २०१७ पासून भारतातही सीडी४ कितीही असले तरी उपचार दिले जातात. पुण्याच्या ससून रुग्णालयातील एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात औषधे मोफत मिळतात. भाऊ विवाहित असल्यास वहिनींची तपासणी झाली आहे का?

प्रश्नकर्ता
नाही. त्याने अद्याप घरात सांगितलेलेच नाही. सोमवारी मी त्याच्याबरोबर ससूनला जाणार आहे. वहिनींशी कसे बोलावे, हेही तिथल्या समुपदेशकांनाच विचारू.