‘पूर्वग्रह’ की ‘पूर्वाग्रह’? आकस, अढी, दुजाभाव कुठे वापरायचे?

पार्क_चौक: सोलापुरातल्या शाळांसाठी भेदभावावर मराठी पुस्तिका तयार होते आहे. मसुद्यात ‘पूर्वग्रह’ आणि ‘पूर्वाग्रह’ दोन्ही आलेत. ‘प्रेज्युडिस’ आणि ‘बायस’ दोघांनाही तोच शब्द लावलाय. आकस, अढी, दुजाभाव तर कुठेही. बरीच मुलं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यामुळे शब्द नेमके हवेत.

ग्रहण_सुटले: मराठीत ‘पूर्वग्रह’च लिहा. ‘पूर्वाग्रह’ हिंदीतून येतो, त्याची फोड पूर्व + आग्रह. आपल्याकडे आधीपासून ‘ग्रह करून घेणे’ आहे: ‘त्यांनी माझ्याविषयी वाईट ग्रह करून घेतला.’ ग्रह् म्हणजे पकडणे. आकाशातला ग्रह, ग्रहण, संग्रह, निग्रह ही सगळी त्याच धातूची पोरं. माणूस भेटण्याआधीच मनाने धरून ठेवलेलं मत तो पूर्वग्रह. आग्रह आपण दुसऱ्याला करतो, जेवायला वाढताना करतो तसा. ग्रह आपल्याच डोक्यात असतो.

क्रियापदही तपासा. पूर्वग्रह ‘बाळगतात’ किंवा तो मनात ‘असतो’. ‘पूर्वग्रह केला’ चालत नाही. ‘पूर्वग्रहदूषित’ म्हणजे पूर्वग्रहाने दूषित, म्हणून ते मताला, नजरेला लावा. ‘पूर्वग्रहदूषित गैरसमज’ नको. गैरसमज खरी माहिती दिली की सहसा जातो, पूर्वग्रह माहिती ऐकूनही टिकतो. मुलांना हा फरक आधी दाखवा.

उभा_आडवा: ‘बायस’साठी ‘कल’ घ्या. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तिरकस. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये गोळे घरंगळवण्याच्या खेळात, सरळ न जाता एका अंगाला वळणाऱ्या गोळ्याच्या गुणाला हा शब्द लागला आणि तिथून मनाच्या कलाला. कपड्यातही तोच शब्द आहे. आपले शिंपी त्याला उरेब म्हणतात, फारसीतून आलेला, अर्थ तोच: तिरका. उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत कापलेली उरेब पट्टी ताणते, म्हणून ब्लाउजच्या गोल गळ्याला बसते. सोलापुरात हे उदाहरण प्रत्येक गल्लीत सापडेल. टेबलावर कापडाचा चौकोन ठेवा, आधी धाग्याच्या दिशेने ओढायला सांगा, मग कोपऱ्यातून कोपऱ्याकडे. ‘कल’ म्हणजे काय ते हाताला कळतं.

कायद्याची_मराठी: एक चूक हमखास होते. ‘प्रेज्युडिस’चं मूळ लॅटिन ‘प्रेज्युडिशियम’, म्हणजे आधीचा निवाडा. पुढे कायद्यात त्याला हानीचा अर्थ आला. म्हणून ‘विदाउट प्रेज्युडिस टू’चं मराठी ‘पूर्वग्रहाशिवाय’ नव्हे, ‘बाध न येता’. पुस्तिकेत कायद्याचा उतारा असेल तर तेवढं बघा. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये शब्द ‘भेदभाव’ आहे, तो बदलू नका. मंत्र्यांच्या शपथेत ‘ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’ येतं; तिथे आकस म्हणजे द्वेषबुद्धी. तो विशिष्ट माणसाविषयी धरतात. अढी त्याहून सौम्य, आणि ती बहुधा काहीतरी घडल्यावर बसते. न भेटलेल्या समाजाविषयी ‘अढी’ लिहिलंत तर काहीतरी घडलं होतं असं सूचित होईल. हे टाळाच.

ग्रहण_सुटले: आणि वागण्यात उतरलं की दुजाभाव, पक्षपात, भेदभाव. ‘दुजा’ म्हणजे दुसरा. आपल्यातलाच असून परका मानणं तो दुजाभाव. ‘सापत्नभाव’ मात्र गाळा. सपत्नी म्हणजे सवत. सावत्र आई वाईटच, हा ग्रह त्या शब्दात बसलेला आहे, आणि वर्गात सावत्र आई असलेलं मूल असू शकतं.

पार्क_चौक: पक्षपात बहुभाषिक वर्गात चालेल?

उभा_आडवा: उत्तम चालेल. कन्नडमध्ये पक्षपात, तेलुगूत पक्षपातम्. पक्ष म्हणजे बाजू, पात म्हणजे पडणे. त्या पानावर तिन्ही लिप्यांत छापा.